चार हजार एकशे बारा नोंदींचे अनुमान

मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, हा नियम मी सांगलीच्या टेक्निकल कॉलेजात शिकलो आणि पुढे एकतीस वर्षे बेंगळूरच्या एका यंत्रकारखान्यात, तपासणी विभागात बसून, तो इतरांवर लादला. माझ्या सहीशिवाय एकही गिअर दाराबाहेर पडत नसे. निवृत्तीनंतर माझ्या सहीवाचून जगाचे काहीही अडत नाही, हे तिसऱ्या आठवड्यातच ध्यानात आले. त्यामुळे १९९६ साली विमानतळाने आमच्या वसाहतीच्या बाजूला हातपाय पसरायचे ठरवले, तेव्हा माझ्या संतापात थोडासा आनंदही मिसळलेला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आमची वसाहत म्हणजे मंजुनाथ लेआउट. चौसष्ट घरे, एक गणपतीचे देऊळ, आणि धावपट्टीच्या टोकापासून अंतर सहाशे दहा मीटर. हे अंतर मी आधी पावलांनी आणि मग टेपने मोजले होते. विमाने डोक्यावरून जातच होती आणि आम्हाला त्यांची सवय झाली होती. बोलता बोलता थांबायचे, विमान जाऊ द्यायचे आणि अर्धे राहिलेले वाक्य उचलून पुढे न्यायचे, ही आमची रीत. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटे की इथली माणसे फार विचार करून बोलतात.

नवी योजना मात्र निराळी होती. वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून विमानांची इंजिने तपासण्यासाठी एक मोठे फरसबंद आवार होणार होते. उडणारे विमान निदान निघून तरी जाते. तपासणीला लावलेले इंजिन जागच्या जागी गर्जत राहते.

याचा खरा घाव बसणार होता तो विठाक्कावर. विठाबाईंचे घराणे तीन पिढ्या बेंगळुरात. मराठी घरापुरती, बाकी सगळा व्यवहार कन्नड, म्हणून सगळी वसाहत त्यांना विठाक्काच म्हणे. मूकबधिरांच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आपल्या घराच्या मागच्या मोठ्या खोलीत, भिंतीपासून बारा फुटांवर, नऊ मुलांचा वर्ग घेत. दहा ते एक. ही मुले अगदीच बहिरी नव्हती. प्रत्येकाच्या छातीवर, शिवून घेतलेल्या खिशात, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र आणि त्याची वायर कानापर्यंत. त्या यंत्रातून जे काही अंधुक पोहोचे, त्यावर विठाक्का एकेक अक्षर उभे करीत. पण यंत्राला निवड कळत नाही. ते अक्षरही मोठे करते आणि विमानही. विमान आले की मुले कानातून वायर उपसून काढीत.

"इंजिन वीस मिनिटं ओरडलं की मुलं यंत्रच नको म्हणणार," विठाक्का पहिल्याच सभेत म्हणाल्या. "मग माझा वर्ग बंद, अण्णा. दुसरा वर्ग बनशंकरीला आहे, तिथं जागा नाही."

एवढेच त्या बोलल्या. मी ते ऐकले, मान हलवली आणि मनातल्या मनात ते 'भावनिक' या सदराखाली टाकले. मला आकडे हवे होते.

माझ्याकडे टाइपरायटर असल्यामुळे मी वसाहत समितीचा सचिव झालो. उच्च न्यायालयात आमचा अर्ज लढवायला महांतेश हा तरुण वकील मिळाला. हा अथणीचा, म्हणजे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सारख्याच वेगाने भांडू शकणारा. त्याचे म्हणणे सरळ होते: विठाक्कांचे प्रतिज्ञापत्र पहिले लावू. मी त्याला समजावले की एका बाईंच्या तक्रारीने धावपट्ट्या हलत नसतात, पुरावा शास्त्रीय पाहिजे. तो माझ्या वयाला मान देऊन गप्प बसला. वयाला मान देण्याची ही पद्धत बंद झाली, तर आमच्यासारख्यांच्या हातून होणारे निम्मे नुकसान टळेल.

मग मी अकरा महिने मोजत होतो. जुन्या कारखान्याच्या सुरक्षा विभागाकडून आवाज मोजायचे यंत्र मागून आणले, कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून तिपाई आणली आणि गच्चीवर ठाण मांडले. नोंदवहीत नऊ रकाने होते: दिनांक, वेळ, विमानाचा प्रकार, दिशा, वारा, ढग, सर्वोच्च डेसिबल, कालावधी आणि शेरा. 'शेरा' या रकान्यात मी बहुधा 'मोठा' असे लिहिले आहे. रोज बारा-तेरा नोंदी. भाच्याच्या लग्नाला गेलो नाही, कारण त्या आठवड्यात वारा पूर्वेचा होता.

माझी पत्नी नीलिमा ही शांत स्वभावाची बाई. पण सहाव्या महिन्यात ती म्हणाली, "अहो, विमान आलं की तुम्ही घड्याळ बघता, विमान नसलं की वही बघता. घरात मी बोलते त्याला कुठला रकाना?" मी तिला सांगितले की पार्श्वभूमीचा आवाज वेगळा धरलेला आहे. त्यानंतर दोन दिवस पार्श्वभूमीचा आवाजही नव्हता.

एकूण नोंदी झाल्या चार हजार एकशे बारा.

न्यायालयाने एक कमिशनर नेमला. त्यांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करायची, दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहून घ्यायचे आणि अहवाल द्यायचा, असा आदेश. त्याच तारखेला विमानतळाच्या वकिलांनी सहज बोलल्यासारखे म्हटले, की अर्जदार मंडळी बाहेरून आलेली, विमानतळ आधीपासून इथेच, आणि शिवाय देवनहळ्ळीला नवा विमानतळ व्हायचाच आहे, तोवर स्वल्प सांभाळून घ्यायला काय हरकत. बाकीचे मी विसरलो. 'बाहेरून आलेली' हे मात्र रुतले. पस्तीस वर्षे या गावाचे पाणी पिऊन मी बाहेरचा? त्याच क्षणी मी ठरवले की कमिशनरांपुढे निवेदन द्यायचे ते कन्नडात.

माझ्या कन्नडची हकीकत अशी. भाजी, रिक्षा आणि कारखान्यातले फिटर यांच्याशी मी कन्नडातच बोलत आलो. फिटर माझे बोलणे सौजन्याने ऐकून घेत आणि काम माझ्या हातवाऱ्यांवरून करीत, हे मला फार उशिरा कळले. औपचारिक कन्नडसाठी माझा एक सिद्धान्त होता. साधे शब्द दोन भाषांत वेगळे असतात, पण शब्द जितका जड, जितका संस्कृत, तितका तो दोन्हीकडे सारखाच चालतो. तेव्हा कठीण विषयावर बोलणे मला उलट सोपे जाणार. महांतेशने सुचवले, "काका, इंग्लिशमध्ये बोला, कमिशनरांना चालतं." मी त्याला सिद्धान्त सांगितला. त्याने पुन्हा माझ्या वयाला मान दिला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी कमिशनर आले. पन्नाशीचे, मृदू, स्वतःच्या हाताने लिहिणारे गृहस्थ. सोबत विमानतळाचे वकील आणि एक इंजिनिअर. बसायला पुरेशा खुर्च्या विठाक्कांच्याच खोलीत होत्या, म्हणून तिथे बैठक मांडली. नऊ मुले भिंतीशी चटईवर ओळीने बसून आमच्याकडे बघत होती. महांतेशचे दुसरे काम न्यायालयात लांबले होते, तो तासाभरात पोहोचणार होता. त्याच्यासाठी थांबू या, असे कमिशनर स्वतःच म्हणाले. मी म्हणालो, गरज नाही.

मी उभा राहिलो. नोंदवही उघडून पद्धत सांगितली, यंत्र दाखवले आणि मुद्द्यावर आलो. हे आवार झाले तर वसाहतीतला आवाज किती वाढेल, हे मी चार हजार एकशे बारा नोंदींवरून काढले होते. निष्कर्षासाठी योग्य तो जड शब्द मी आदल्या दिवशीच निवडून ठेवला होता.

"इदु नन्न अनुमान," मी म्हणालो. हे माझे अनुमान आहे.

कमिशनरांची लेखणी थांबली. "अनुमान?" त्यांनी विचारले.

त्यांना तो शब्द आवडला असे वाटून मी जोर वाढवला. साधे नव्हे, बलवत्तर अनुमान. शास्त्रीय अनुमान. विमानतळाच्या वकिलांनी अत्यंत नम्रपणे विचारले की हे अनुमान वहीतल्या काही ठरावीक आकड्यांपुरते आहे की सगळ्याच. मला प्रश्न फार बुद्धिमान वाटला. निष्कर्ष निवडक आकड्यांवर आधारलेला नसून प्रत्येक आकड्यावर आधारलेला आहे, हे ठासून सांगणे भाग होते. कन्नडात 'वर' याला 'मेले' म्हणतात, एवढे मला पक्के ठाऊक होते.

"प्रतियोंदर मेले," मी सांगितले. "प्रतियोंदर मेले नन्न अनुमान इदे."

कमिशनर भला माणूस. त्यांनी मला सावरायला एक संधी दिली. पुढे वाकून, सावकाश, त्यांनी विचारले, "खंडितवागि हेळ्तीरा?"

माझ्या नोंदी खंडित आहेत काय, मध्ये खाडे पडले आहेत काय, असा प्रश्न मी समजलो. भाच्याचे लग्न बुडवले त्या माणसाला हा प्रश्न. मी ताठ होऊन उत्तर दिले, "इल्ला. खंडित इल्ला." आणि दोनदा दिले.

त्या वेळी विठाक्का कॉफीचे तबक घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकटक पाहिले. ती नजर मी कौतुकाची समजलो आणि जरा मान लववली.

निवेदन लिहून झाले. तीन पाने, वळणदार कन्नड अक्षर. मला कन्नड वाचता येते ते बसवरच्या पाटीइतके, आणि तेही बस थांबलेली असेल तर. एकतीस वर्षांत न वाचता एकही सही न केलेल्या मी प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर तारीखही घातली.

महांतेश आला तेव्हा मी पायरीवर उभा राहून त्याचीच वाट पाहत होतो. पण त्याला आधी विठाक्कांनी गाठले. "तुमच्या काकांनी सगळं सोडून दिलं बघा," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, एखादे भांडे फुटल्याचे सांगावे तशा. महांतेशने आत जाऊन पाने मागून घेतली, वाचली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला.

"काका, अनुमान म्हणजे काय हो?"

"निष्कर्ष. पुराव्यावरून काढलेला."

"कन्नडात संशय म्हणतात. आणि खंडित म्हणजे नक्की." त्याने चष्मा पुसला. "प्रत्येक आकड्यावर माझा दाट संशय आहे, आणि यातलं काहीही मी खात्रीनं सांगत नाही, असं लिहून तुम्ही तीन सह्या मारलाय. आणि तुमचं नाव विश्वासराव."

मी काही वेळ सिद्धान्तातील त्रुटी शोधत राहिलो. मग भिंतीपलीकडे नजर गेली. आवारासाठी चुन्याने आखलेली रेघ पायरीवरून स्वच्छ दिसत होती.

आम्ही आत गेलो. चूक झाली, शब्द दुरुस्त करून घ्या, अशी महांतेशने विनंती केली. विमानतळाच्या वकिलांनी हरकत घेतली. साक्षीदार सही केल्यावर उलटतो आहे, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. कमिशनरांनी विचार करून निर्णय दिला. शब्द बदलता येणार नाहीत. एक तर निवेदन आहे तसे राहील, किंवा ज्या भाषेत मी ते दिले ती मला येत नाही असे मी स्वतः नमूद करावे, म्हणजे संपूर्ण निवेदन रद्द धरता येईल. मात्र जोडलेली नोंदवहीही त्याबरोबरच जाईल. नवे निवेदन द्यायचे तर न्यायालयाची नवी तारीख.

महांतेश माझ्या कानाशी म्हणाला की ती तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची, आणि फरशीचे काम मार्चमध्ये सुरू.

अकरा महिने तराजूच्या एका पारड्यात होते आणि दुसऱ्या पारड्यात माझीच तीन पाने, जी राहिली तर विठाक्कांचा वर्ग माझ्या सहीने बंद होणार होता. निवड कठीण नव्हती, हे मी आज लिहितो. त्या वेळी मला ती करायला बराच वेळ लागला. कारण वही तर जाणारच होती. पण ज्यांनी मला बाहेरचा म्हटले त्यांच्या समोर, त्यांच्याच भाषेत, ते बरोबर होते असे सांगायचे होते.

"ननगे कन्नड बरोदिल्ल," मी म्हणालो. मला कन्नड येत नाही.

कमिशनरांनी वर पाहिले. "हे मात्र तुम्ही अगदी शुद्ध बोललात," ते इंग्रजीत म्हणाले आणि तिन्ही पानांवर तिरपी रेघ मारली.

आता आमच्या बाजूचे असे कागदावर काहीच नव्हते. वकील आपली फाइल आवरू लागले. तेव्हा विठाक्का पुढे आल्या. त्यांनी कमिशनरांना कन्नडात चार वाक्ये सांगितली. ती मला कळली नाहीत आणि कळल्याचे भासवायचेही कारण उरले नव्हते. महांतेशने नंतर सांगितले, त्या म्हणाल्या होत्या: मला बोलता फारसे येत नाही. वर्गाला उशीर झालाय. मी शिकवते. तुम्ही अर्धा तास नुसते बसा.

कमिशनर बसले, म्हणून सगळ्यांनाच बसावे लागले.

विठाक्कांनी कागदाची एक पट्टी घेतली आणि ओठांसमोर धरून 'प' म्हटला. पट्टी हलली. मग ती एकेका मुलापुढे धरली. त्या दिवशी 'प' आणि 'ब' यांतला फरक शिकवायचा होता, जो कानाने जवळजवळ कळत नाही आणि ओठांवर मुळीच दिसत नाही. पंचवीस मिनिटांत तिसऱ्या मुलापर्यंत त्या पोहोचल्या. सोनम नावाची सहा वर्षांची मुलगी रांगेत चौथी होती. तिने पट्टीसाठी तोंड पुढे केले आणि एकाएकी थांबली. तिचा तळवा फरशीवर टेकलेला होता. आम्हाला कुणालाही काही ऐकू आलेले नव्हते. तिने कानातली वायर ओढून काढली आणि दोन्ही हातांनी छातीवरचे यंत्र झाकून धरले.

मग विमान आले. बाकीच्या आठ मुलांचे हात एकदम कानांकडे गेले. विठाक्का पट्टी हातात धरून, तोंड मिटून, नुसत्या उभ्या राहिल्या.

विमान गेल्यावर कमिशनरांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवले. कितव्या मिनिटाला कोणत्या मुलाने वायर पुन्हा कानात घातली, हे ते लिहीत होते. असा रकाना माझ्या वहीत नव्हता. सहाव्या मिनिटाला आठवे मूल परतले. सोनमने वायर घातलीच नाही. विठाक्कांनी तिला मांडीवर घेतले, समजावले, यंत्राची कळ बंद करून दाखवली. ती मान हलवत राहिली.

कमिशनरांनी विमानतळाच्या इंजिनिअरला विचारले, तपासणीसाठी इंजिन साधारण किती वेळ चालवतात. तोही आमच्याच जातीचा, म्हणजे टेक्निकल कॉलेजातला. त्याने मुलांकडे पाहिले, आपल्या वकिलांकडे पाहिले नाही, आणि सांगितले: कमीत कमी वीस मिनिटे, कधी चाळीस. दिवसातून चार-पाचदा.

घरी येऊन मी सगळे नीलिमाला सांगितले. तिला हसू आवरेना. "प्रतियोंदर मेले," ती म्हणाली. "म्हणजे मेले ते सगळेच. चार हजार एकशे बारा." मग ती उठली आणि, न विचारता, तिपाई फोटो स्टुडिओत परत देऊन आली.

कमिशनरांचा अहवाल गेल्यावर फरशीचे काम पुढच्या तारखेपर्यंत थांबवले गेले, आणि आदेश जूनमध्ये झाला. अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत त्या भिंतीलगत इंजिन-तपासणीचे आवार बांधायचे नाही. तपासणी मैदानाच्या दुसऱ्या टोकालाच चालू ठेवावी. विमाने येणार-जाणार तशीच राहिली. आदेशात कमिशनरांच्या पाहणीवर दीड पान होते, घड्याळाच्या मिनिटांसह. माझ्याबद्दल एक वाक्य होते: वसाहतीच्या सचिवांचे निवेदन विचारात घेतलेले नाही.

प्रत हातात पडताच महांतेश आणि मी स्कूटरवरून थेट विठाक्कांच्या घरी गेलो. सव्वाअकरा वाजले होते. दार उघडे होते आणि आत वर्ग चालू होता. सोनम यंत्र लावून बसली होती, मार्चपासून पुन्हा लावू लागली होती, पण आवाज झाला की अजून सगळ्यांआधी काढी. मी उंबऱ्यावर उभा राहून कागद उंचावला आणि बोलायला तोंड उघडले. विठाक्कांनी मागे न वळता हात वर केला, तळवा आमच्याकडे. आम्ही मागे सरलो.

वर्ग सुटेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. पावणेदोन तास. महांतेश कुजबुजू लागला तर मी त्याला गप्प केले, आणि मी घसा खाकरला तर त्याने मला. एक वाजता मुलांच्या आया आल्या, मुले गेली, आणि विठाक्का पदराला हात पुशीत बाहेर आल्या. मी आदेशाचा सविस्तर अर्थ सांगायची तयारी केली होती. तात्पुरता मनाई हुकूम आणि अंतिम निकाल यांतला फरक, पुढची संभाव्य तारीख, अपिलाची शक्यता.

"वर्ग राहतो?" त्यांनी महांतेशला कन्नडात विचारले. एवढे मला समजले.

"राहतो, अक्का. सध्या तरी."

"सरी," म्हणजे ठीक, असे त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अण्णा, उद्या वर्ग चालू असताना आला तर कडी वाजवू नका. मुलं दचकतात."